जीप तिथंच राहील

मूल शहरातल्या फारूक शेखची जीप नाल्यात उलटली तेव्हा धानाची कापणी नुकतीच आटोपली होती. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून गाडीत त्याच्यासकट चौघंच होते. कोसमटोल्याला जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर एक नाला लागतो. त्यावर रपटा आहे, म्हणजे सिमेंटचा बसका पूल, पूर आला की पाण्याखाली जाणारा. त्याची डावी कड पावसाळ्यात वाहून गेली होती आणि तिथे मुरूम टाकून वरून सारखं करून ठेवलं होतं. जीपचं डावं चाक त्या मुरमावर गेलं, मुरूम खचला, आणि गाडी एक कोलांटी घेऊन खालच्या दगडांवर कुशीवर पडली. फारूकच्या बरगड्या मोडल्या. शेजारी बसलेल्या कोसमटोल्याच्या सोनीबाईचा हात कोपरातून मोडला. मागचे दोघे खरचटण्यावर निभावले.

फारूकचे वडील राइस मिलसमोर सायकली दुरुस्त करायचे. हा मात्र पोरवयापासून मोठ्या चाकांच्या नादी लागला. बांबूच्या ट्रकवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. शेवटी लिलावात निघालेली ही जुनी जीप त्याने घेतली. चारही चाकांत ओढ असलेली गाडी होती ती. चिखल असो की नाला, ती निघायचीच, आणि कोसमटोल्यापर्यंत जाणारी तीच एक गाडी होती. मोहफुलांची पोती, नवऱ्या मुली, तापानं फणफणलेली लेकरं, सरकारी दवाखान्यातून परत आणलेली मढी, सगळं तिच्यातून गेलं.

माणूस प्रेमळ, पण हट्टी. एकदा कुणा साहेबाच्या माणसाने पुढच्या सीटवरच्या म्हातारीला मागे जायला सांगितलं. फारूकने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून सावलीत जाऊन बसला. "आजी पुढंच बसन, नाई तं कोनीच नाई जात." तो माणूस तणतणत पायी गेला. म्हातारी पुढेच बसून गावी पोचली.

अपघातानंतर तो घरी पडून होता, छातीला पट्टा बांधलेला. निकेश मेकॅनिक नाल्यावर जाऊन जीप पाहून आला.

"चेसिस सरळ आहे फारूकभाऊ. इंजिनाले काई नाई झालं. पत्रा ठोकू, काच टाकू, गाडी उभी होते. पन लवकर काढा. तिथी राह्यली तं सडते."

मुलगा अनस म्हणाला, "अब्बा, भंगारात घाला. आपन नवीन गाडी घेऊ, चंद्रपूर रोडवर चालवू. त्या जंगलात काय ठेवलं आहे?"

जरीना, फारूकची बायको, दोघांवरही वैतागली होती. "या तो बनाओ, या बेचो. असं छताकडं पाहत नका पडू जी."

फारूकचं मन दुरुस्तीकडेच होतं. तेवढ्यात रस्त्याच्या कामाचे साहेब भेटायला आले. खुर्चीवर टेकले, तब्येत विचारली, आणि म्हणाले, "ती गाडी तेवढी काढून घ्या. कडेला मशीन उभी करायला जागाच नाही. गाडी निघाली की दोन ट्रिपा मुरूम टाकतो, रस्ता मोकळा."

"मुरूम?"

"हो. शिवाय गाडी जुनी होती, भरलेलीही असणार. आम्ही काही बोललो नाही, तुम्हीही ताणू नका."

फारूक उठून बसला. बरगड्यांतून कळ गेली तरी बसला. "चार मानसं होते साहेब. अन् मुरूमच तं खचला. पुन्हा मुरूम टाकता? पक्की कड बांधा, पाइप टाका, मंग गाडी काढतो. तवापर्यंत जीप तिथंच राहील."

साहेब गेल्यावर अनसने कपाळाला हात लावला. "गाडी सडन आपली, त्याहीची नाई!"

"सडू दे," फारूक म्हणाला.

पण जीप उचलायची नाही हे एकट्याने ठरवायचं नव्हतं, कारण तिच्यावाचून अडणार होतं कोसमटोल्याचं. चालता येऊ लागलं तसा तो निकेशच्या मोटरसायकलवर मागे बसून तिकडे गेला; रपट्यावर आता मोटरसायकलपुरतीच वाट उरली होती. सोनीबाई अंगणात बसली होती, हात गळ्यात. तिचा नवरा चैतू बांबू चिरून कमच्या काढत होता. फारूकने सगळं सांगितलं.

चैतूने कोयता खाली ठेवला. "तू शयरात राह्यते भाऊ. तुया हट्टापायी आमी पेशंट कसा नेऊ? खांद्यावर?"

"गाडी बनवली, मुरूम टाकला, अन् मी पुन्हा तुमाले त्याच्यावरून नेलं तं?" फारूक म्हणाला.

सोनीबाई मधेच बोलली. "मले इचारता का कोनी? हात माया मोडला. या खेपेले हात, पुढच्या खेपेले मान. राहू दे भाऊ तुयी गाडी तिथी."

चैतूने कोयता पुन्हा उचलला. त्याला ते पटलं नव्हतं.

थंडी सरता सरता त्याच्या पुतणीचे, दीपिकाचे, दिवस भरले. कळा सुरू झाल्या तशी तिला खाटेवर घालून माणसं नाल्यापर्यंत आली, रपट्यावरच्या अरुंद वाटेवर खाट धरणारे मावेनात म्हणून खाटेसकट पाण्यात उतरली आणि अलीकडे चढली. फोन लागल्यावर फारूक मित्राचा टेम्पो घेऊन तिथे येऊन थांबला होता. दीपिका दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. पण दवाखान्याच्या पायरीवर चैतू फारूकसमोर उभा राहिला. त्याची धोती मांडीपर्यंत भिजलेली होती.

"हेच पायजे होतं तुले?"

घरी येऊन फारूक जेवला नाही. सकाळी निकेशला म्हणाला, "दोर घे, साखळी घे. गाडी काढू."

दोघं नाल्यावर पोचले, तर तिथे आधीच जेसीबी उभी. साहेबांनी वाट पाहणं सोडलं होतं. जीपच्या पुढच्या बंपरला साखळी अडकवली होती, आणि मागे मुरमाचा ट्रक रिकामा व्हायची वाट पाहत उभा होता.

तो मुरूम पाहिला आणि फारूकच्या डोक्यात तिडीक उठली. तो नाल्यात उतरला, कुशीवर पडलेल्या जीपवर धडपडत चढला आणि दाराच्या पत्र्यावर मांडी घालून बसला. "ओढा आता. मायासकट ओढा!"

"फारूकभाऊ, उतरा ना," जेसीबीचा ड्रायव्हर वरून म्हणाला. "मी वरोऱ्याचा, बाहेरचा मानूस, मले काऊन यात गोवता?"

साहेबांची गाडी आली, आरडाओरडा झाला. आवाज ऐकून कोसमटोल्याची माणसं जमली. सोनीबाई आली आणि अजून नीट न वळणारा हात सांभाळत जीपला टेकून उभी राहिली. तिच्या मागे बायका. आणि मग चैतू आला. फारूकला वाटलं, हा आता आपल्याला खाली ओढणार. चैतूने बंपरची साखळी सोडली, गोळा केली, आणि साहेबांच्या पायाशी नेऊन टाकली.

"आमच्या पोरीले खाटंवर न्या लागलं साहेब. आता मुरूम नाई पायजे आमाले. मशीन आनलीच हाये, तं पाया खना."

"असं होत नसतं. मंजुरी लागते."

"मंग मंजुरी आना. आमी इथीच हावो."

साहेब तावातावाने निघून गेले. मुरमाचा ट्रक भरलेलाच परतला. त्यानंतर कुणी ना कुणी जीपपाशी बसूनच राहिलं. आज या घरच्या बायका, उद्या त्या घरच्या. फारूक रोज यायचा. चैतू त्याला भात द्यायचा, आंबाडीची भाजी द्यायचा. दवाखान्याच्या पायरीवरचं बोलणं दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

शेवटी मंजुरी आली आणि होळीनंतर काम लागलं. सिमेंटचे मोठे पाइप आले, दोन्ही कडा दगडात बांधल्या गेल्या. पाया खणायच्या दिवशी त्याच वरोऱ्याच्या ड्रायव्हरने जीप उचलून काठावर ठेवली. तिची दशा झाली होती. बॅटरी कुणी काढून नेली होती, वरचा कापडी हूड माकडांनी फाडला होता, तळाचा पत्रा सडला होता.

निकेश खाली वाकून बघत राहिला. "तवा पत्र्याचं काम होतं. आता इंजिन पुरं खोला लागते."

"जिंकले ना तुमी?" अनस म्हणाला. "आता तरी सोडा."

"अन् साहेबानं म्हनावं, फारूकची गाडी खतम केली? ही गाडी त्या पुलावरून जाईन."

निकेशने उन्हाळाभर खपून ती उभी केली. जरीनाने सीटांची कव्हरं शिवली. पूल झाल्यावर फारूक ती घेऊन गेला, गच्च भरून, हॉर्न वाजवत.

पण पूल झाला तो सगळ्यांसाठीच. आता ॲम्ब्युलन्स थेट कोसमटोल्यात जाते. मूलच्या पोरांचे नवेकोरे टेम्पोही जातात, अर्ध्या वेळेत. जीपला सवारी कमी झाली.

"पुलासाठी भांडले अन् सवारी घालवली," जरीना म्हणते.

एक दिवस सोनीबाई टेम्पोत बसलेली दिसली. ती लपली नाही. उलट तिनेच हाक मारली, "भाऊ, हा लवकर सुटते. मले घाई आहे."

"जा बाई, जा," फारूक म्हणाला. "पूल तुयाच आहे."

आणि एकच सवारी होती तरी त्याने जीप सुरू केली, टेम्पोच्या मागोमाग.