गुरुवारच्या भजनातली बाळं

पंचवटीतलं आमचं गुरुवारचं भजन नव्वदच्या सुमाराला सुरू झालं. बायका आठ, आणि कुणा ना कुणाच्या मांडीवर बाळ असायचंच. अभंग किती पाठ झाले देव जाणे, बाळांचे किस्से मात्र सगळे पाठ आहेत!

*

भजनाच्या प्रमुख इंदूताई. त्यांचा नातू दोन महिन्यांचा असताना माझ्या कपाळाकडे टक लावून बघायचा. मला वाटायचं, उपासांचं तेज असेल. एकदा घाईत कुंकू लावायचं राहिलं, तर त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"तेज घरी राहिलं वाटतं," इंदूताई म्हणाल्या, "करंड्यात!"

*

माझा मोठा तीन महिन्यांचा होता. संकष्टीला मी मोगऱ्याचा भरगच्च गजरा माळला आणि तो दूधच घेईना. सासूबाईंनी दृष्ट काढली, मी एकवीस दूर्वांचा नवस बोलले. शेवटी दमून गजरा काढला, त्याला जवळ घेतलं, तर चटचट प्यायला लागला. नवस मी फेडलाच. गजरा काढायची बुद्धी बाप्पानंच दिली ना?

*

गोकुळाष्टमीला पितळी बाळकृष्णावर रुमाल टाकून तो बाळापुढे ठेवायचा, हा आमचा खेळ. इंदूताईंचा नातू पाचव्या महिन्यात लगेच दुसरीकडे बघायला लागला. दिसत नाही म्हणजे देव संपला! दहाव्या महिन्यात एका गुरुवारी पुन्हा ठेवला, तर मात्र त्यानं रुमालच ओढला.

"झाला एकदाचा आस्तिक," त्याच्या आजोबांनी जाहीर केलं.

*

मग ओवी आली. इंदूताईंच्या धाकट्या सुनेची, वैशालीची मुलगी. दिवस गेले असतानाही वैशालीनं टाळ वाजवायचा एक गुरुवार चुकवला नव्हता. आता चार महिन्यांची ओवी त्याच गजरात दुपट्यावर गाढ झोपायची. एकदा वैशालीनं मला हळूच विचारलं, "काकू, हिला ऐकू येत असेल ना?"

मी लगेच इंदूताईंना सांगितलं. ओवी जागी झाल्यावर इंदूताईंनी तिच्यासमोर पूजेची घंटा वाजवली. ओवीनं पाहिलं, सगळ्या खूश. पण चकचकीत पितळेकडे कोण बघणार नाही? मी पाठीमागून वाजवली. ओवी ढिम्म. वैशालीचा चेहरा उतरला. सोमवारी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं आणि जड मनानं आम्ही भजन पुढे सुरू केलं. ओवी पुन्हा झोपली.

मध्येच वैशालीला रडू फुटलं. तिचा टाळ थांबला, पाठोपाठ आमचेही. खोलीत एकदम चिडीचूप.

ओवी दचकली. दोन्ही हात वर फेकून तिनं भोकाड पसरलं. वैशाली उचलायला धावली, तर इंदूताईंनी तिच्या हातात टाळ दिला.

कडवं संपायच्या आत ओवी झोपली होती.