मार्कंड्याचा रविवार

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं का बाहेरच्या माणसाचे कान उभे होते. आता वाघ येईन, नाई तं बंदूकवाले येईन. मी आधीच सांगून टाकतो, दोघंही येत नाई. एक जुनी व्हॅन येते, रोडगे येते, वांग्याची भाजी येते, आन शाळेत न जाणारी एक नऊ वर्षाची पोट्टी येते. वाघच पाह्याचा असन तं हे पान पलटवा आन सफारीले जा. तिथी दिसन याचीही काही ग्यारंटी नाई.

पोट्टी म्हणजे माही भाची, ताईची एकुलती एक. आम्ही सगळे आरमोरीचे. मी नकला करतो. लग्नात, बारशात, गणपतीत, जिथी माईक भेटला तिथी. माह्या हेडमास्तराचं खाकरणं मी असं करतो का जुने पोट्टे आजही खुर्चीतून उठून उभे राह्यते. पोट्टीनं हे खूळ माह्यापासूनच घेतलं.

तिले सिकल आहे. सिकलसेल. आमच्या इकडे हे समजावून सांगा लागत नाई, दर दोन-चार घरामागं कोणी ना कोणी असते. ज्याले माहित नाई त्याच्यासाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होते आन नसात अडकून बसते. मंग हाडं दुखते. कशी दुखते ते मी सांगू शकत नाई, मी फक्त तिचं तोंड पाह्यलं आहे. थंडी लागू द्याची नाई, थकू द्याचं नाई, आन पाणी सारखं पाजाचं, एवढंच घरच्यायच्या हातात.

पाणी पेलं का लघवीले जा लागते. शाळेत मॅडम म्हणे, तुले एकटीलेच काऊन घडी घडी लागते. पोट्टे हासले. पोट्टी हुशार, तिनं शाळेत पाणी पेणंच बंद केलं. दुसरीतच दोनदा भरती झाली. ताईनं तिचं नाव काढलं आन घरीच शिकवणं सुरू केलं. गावात लोक म्हणे, बापाची व्हॅन सगळ्या गावच्या पोट्ट्यायले शाळेत सोडते आन आपली पोट्टी घरी ठेवते. भाऊजी खरंच शाळेची व्हॅन चालवते. ते हासून घेत. दुसरं काय करन.

ताईची शाळा मले तरी आवडे. हप्ताभर सैपाकघरात, रविवारी व्हॅनमधी. एका रविवारी वडशाले जाऊन मालगाडीचे डबे मोजले आन त्याचा गुणाकार केला. एकदा नाटकवाल्यायचे रंगवलेले पडदे उन्हात वाळत घातले होते, त्यातला महाल पाहून पोट्टीनं विचारलं, याच्या मागच्या बाजूले कोण राह्यते. मागं जाऊन पाह्यलं तं एक जण विडी पीत बसला होता. पोट्टीनं त्याची नक्कल पंधरा दिवस केली.

आमचा खेळ होता चालीचा. व्हॅनमधी बसून बाजारातले माणसं पाह्याचे आन उतरल्यावर त्याच्यासारखं चालून दाखवाचं. दुसऱ्यानं ओळखाचं. मी आवाजाचा उस्ताद, पण चालीत पोट्टी माह्यापेक्षा भारी. खांद्यावर तांदुळाचा कट्टा घेतलेला हमाल ती रिकाम्या खांद्यानं असा करे का कट्टा दिसे. पण सगळ्यात भारी भाऊजी. जवानीत त्यायचा डावा पाय मोडला होता, तो जरा ओढत चालते. पोट्टी तो पाय ओढे, वरतून कमरेवर हात ठेवे, आन चावी बोटात फिरवे. भाऊजी म्हणत, हे पोट्टी मले जिवंतपणीच स्मशानात पोचवून राह्यली.

आता ताईचा नियम सांगा लागते, कारण सगळं तिथीच आहे.

सैपाकघरात किराणावाल्यानं दिलेलं कॅलेंडर. ज्या दिवशी पोट्टीले दुखलं त्या दिवशी लाल पेनाचा टिपका. डॉक्टरनंच सांगतलं होतं लिहून ठेवाले. दुखल्यावर आठ दिवस दगदग नोको, हेही डॉक्टरनंच सांगतलं. ताईनं दोन्ही जोडलं. हप्त्यात एक जरी टिपका पडला तं रविवार रद्द. नियम बरोबर होता. मी आजही म्हणतो, बरोबर होता. पण कॅलेंडर पोट्टीलेही वाचता येते, हे आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाई. वाचाले तं ताईनंच शिकवलं होतं.

त्या पौषात चार रविवार लागोपाठ रद्द झाले होते. पाचव्या हप्त्यात सोमवार ते शुक्रवार कॅलेंडर कोरं. मार्कंड्याले जाचं ठरलं. एरवी दक्षिणेले जाणारी वैनगंगा तिथी उत्तरेकडे वाहते, आन ताईले ते पोट्टीच्या हातात होकायंत्र देऊन शिकवाचं होतं. पोट्टीनं होकायंत्र उशाखाली घेऊन झोपाले सुरुवात केली.

शनिवारी सकाळी मी ताईकडे चहा प्याले गेलो. ताई आंघोळीले, भाऊजी पोट्टे सोडाले गेले होते. पोट्टी अंगणात बाबा करून राह्यली होती. कमरेवर हात, बोटात चावी, पाय ओढत. मी दारातूनच म्हटलं, वा, भाऊजी, लवकर आले. ती वळली, आन मले दिसलं.

भाऊजीचा डावा पाय. पोट्टी उजवा ओढत होती.

दुसऱ्या कोणाले समजलं नसतं. मले समजलं, कारण ह्याच कामाच्या मी टाळ्या घेतो. मी म्हटलं, "पाय चुकला वं."

"माहित आहे," ती म्हणाली.

मंग जवळ येऊन हळूच म्हणाली का मामा, तुले माही शपथ. जास्त नाई दुखत. उद्या झाल्यावर मी स्वतः सांगतो आईले, स्वतः टिपका देतो.

मी तिच्या गुडघ्याले हात लावला. गरम नव्हता. सुजला नव्हता. मी मनात म्हटलं, चार रविवार गेले बिचारीचे. एका दिवसानं काय होते. एवढाच विचार केला मी. याच्यापेक्षा जास्त विचार तं मी कोणत्या शर्टावर नक्कल कराची याचा करतो.

आन तिथीच थांबलो असतो तरी चाललं असतं. नाई. ताई बाहेर आली तं मीच जाहीर केलं का उद्या दिवसभर पोट्टी बाबा राह्यीन. शर्यत लागली. चाल मोडली तं ती हारली, नाई मोडली तं मी तिच्यासाठी हेडमास्तर करीन. ताई हासली. लंगडाले परवानगी भेटली.

रविवारी सात वाजता निघालो. धुकं असं का गडचिरोलीपर्यंत रस्ता दिसे ना. पोट्टी दोन स्वेटर, कानाले रुमाल, मांडीवर होकायंत्र. ताईनं पाण्याच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या होत्या, चामोर्शीपर्यंत इथपर्यंत, जेवणापर्यंत इथपर्यंत. भाऊजी गाडी चालवता चालवता मागं पाहून म्हणत, "काय ड्रायवर साहेब, आज बसूनच जाता का?" पोट्टी त्यायच्याच आवाजात म्हणे, "सुट्टी हाय बाप्पा."

मार्कंड्याले देवळं पाह्यली. मंग रेतीतून नदीपर्यंत चालत जाचं होतं. तुम्ही रेतीत चालले असन. चांगल्या पायाचेही पाय ओढते. पोट्टी सगळ्यायच्या पुढं, कमरेवर हात, उजवा पाय ओढत. भाऊजी तिच्या मागून स्वतःचीच नक्कल करत, डावा ओढत. दोघं बापलेक, एक इकडे झुकते, एक तिकडे. ताई पोटाले हात लावून हासली. मी ताईले असं हासताना किती दिवसात पाह्यलं नव्हतं. मीही हासलो. तिचा पाय प्रत्येक पावलाले किती टेकते आन किती उचलते, ते मले दिसत होतं, आन मी टाळ्या वाजवल्या.

पाण्याजवळ तिनं होकायंत्र तळहातावर धरलं. सुई थांबली. नदी अन् सुई एकाच बाजूले. ताईनं विचारलं, काय समजलं. ती म्हणाली, "पलटून चालली हे नदी." ताईनं वहीत लिहून घेतलं.

मंग आम्ही गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजाले टाकले. ताई वांगे चिरत होती, भाऊजी लाकडं पाह्याले गेले. पोट्टी एका दगडाआड बसली होती. मी गेलो तं तिच्या बाजूले रेतीत एक ओला डाग होता, ताटाएवढा. बाटली दुसऱ्या रेघेपर्यंत रिकामी.

पाणी पेलं का झाडामागं जा लागन. बसा लागन, उठा लागन. शाळेत ती हासणाऱ्यायले भेत होती, इथी बसण्याउठण्याले भेत होती. मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं माह्याकडे पाह्यलं. मी पायानं त्या डागावर कोरडी रेती लोटली.

हे मी केलं. कोणी सांगतलं नव्हतं.

ताईनं बाटली पाह्यली तं खूश झाली. भाऊजीले म्हणाली का पाहा, बाहेर आणलं का न सांगता पाणी पेते. पोट्टीनं अर्धा रोडगा तुपात बुडवून खाल्ला. मले हेडमास्तर करा लागला. मी केला, पोट्टी हासली. आता आठवलं का समजते, ते हासणं ताईचं होतं. हुबेहूब ताईचं. तिचं स्वतःचं नव्हतं.

परतताना चामोर्शी गेल्यावर ती झोपली. म्हणजे डोळे मिटले. झोपलेल्या माणसाचं तोंड ढिलं पडते, हे मीच तिले शिकवलं होतं, आन तिनं तोंड ढिलं सोडलं होतं. पण श्वास लहान लहान होता, कुत्रं उन्हात घेते तसा. मी आरशात भाऊजीकडे पाह्यलं, ते गाणं गुणगुणत होते. मी म्हटलं, सांगू का. मंग म्हटलं, घर तं आलंच. घर साठ किलोमीटर होतं.

गडचिरोलीच्या अलीकडे ती डोळे न उघडता म्हणाली, "आई, छातीत." तिच्याच आवाजात. दिवसभरात पहिल्यांदा.

ताईनं हात लावला तं अंग तापलेलं. भाऊजीनं व्हॅन दवाखान्याकडे वळवली. पुढचं मी तुकड्या-तुकड्यात सांगू शकतो. नळी. रक्ताच्या दोन पिशव्या. डॉक्टर म्हणे, फुफ्फुसात गेलं आहे, काल आणलं असतं तं सलाईनवर भागलं असतं. भाऊजी बाकावर बसून चावी बोटात फिरवत राह्यले. एका नर्सबाईनं ती आवाज करणारी चावी ठेवाले सांगतलं, तं त्यायनं मुकाट्यानं खिशात घातली.

पोट्टी वाचली. अकराव्या दिवशी घरी आली. पण उजव्या खुब्याचं हाड गेलं. हळूहळू आतून मरून राह्यलं, असं डॉक्टरनं फोटो दाखवून सांगतलं. मोठी झाली का ऑपरेशन. तोपर्यंत काठी. रविवारची व्हॅन आता अंगणात उभी राह्यते. सैपाकघरातलं कॅलेंडर ताईनं स्वतःच काढून टाकलं.

पण झापणं राह्यलं सांगाचं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोट्टीची नळी काढली आन तिनं ताईले सगळं सांगतलं. शपथ, पाय, शर्यत, रेतीतलं पाणी. ताई वॉर्डाच्या बाहेर आली. मी डबा घेऊन उभा होतो. आजूबाजूले दुसऱ्यायचे नातेवाईक जेवत बसले होते. ताईनं माह्या हातातला डबा घेतला, खाली ठेवला, आन अगदी सावकाश विचारलं.

"तुले कधी समजलं?"

"शनिवारी."

"शनिवारी कधी?"

"सकाळी. तू आंघोळीले गेली होती तेव्हा."

तिनं बोटावर मोजलं. शनिवारची सकाळ, दुपार, रात्र, रविवारची सकाळ. मंग म्हणाली का मी तिले त्याच दिवशी आणलं असतं. घरून निघालीच नसती ते. मी नदी काऊन दाखवली असती, गा? बादलीत दाखवली असती. तू माह्यासमोर हासत होता. मी वांगे चिरत होती आन तू तिथी रेती लोटत होता. माह्या नियमाची चूक झाली, ते मी पाहून घेईन, ते माह्या डोक्यावर आहे. पण तुले तं दिसत होतं ना. मले दिसत नव्हतं, तुह्या भाऊजीले दिसत नव्हतं, पूर्ण गाडीत तुले एकट्याले दिसत होतं.

मी म्हटलं का तिनं शपथ घातली होती.

जेवणाऱ्या लोकायनं घास थांबवले.

"ते नऊ वर्षाची आहे," ती म्हणाली. "तू कितीचा?"

मी खाली पाहून सांगतलं.

"नाई ऐकू आलं. हेडमास्तर करतो तेव्हा गल्लीभर आवाज जाते तुहा. वर पाह्य. मोठ्यानं सांग, ह्या सगळ्यायले ऐकू जाऊ दे. कितीचा आहे तू?"