अठराची अंगठी, बावीसची पाटली

सोन्यावर आता सरकारी शिक्का असतो. तो भिंगातून दाखवायला दुकानदार लगबगीने पुढे येतो तेव्हा मला राग येतो. शिक्क्याचा नव्हे, तो आमच्या वेळी नव्हता याचा. आमच्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या गावच्या सोनाराचा शब्द हाच शिक्का होता. त्या शब्दावर विसंबून सगळं गाव रविवारी हात-गळे भरून चर्चला जायचं.

गाव माणिकपूरपासून चालत जाण्याच्या अंतरावर. केळीची वाडी, पानवेली, विहीर, सगळं होतं. वडील मात्र मी शाळेत असतानाच गेले आणि घरात मोठ्या काकांचा शब्द चालू लागला. काका तसे वाईट नव्हते, असं आजही लोक मला सांगतात. त्या लोकांना त्यांच्या हाताखाली राहावं लागलं नाही. आईने भाजीत मीठ किती घालायचं इथपासून मी नोकरी करावी की नाही इथपर्यंत सगळं काका ठरवत. माणिकपूरच्या शाळेत मी शिकवू लागले तेही त्यांनी 'परवानगी' दिली म्हणून.

आमच्याकडे एक रीत होती. लग्नात समोरच्या घराकडून आलेला दागिना अंगावर चढण्याआधी गुपचूप आपल्या सोनाराकडे न्यायचा आणि कसाला लावायचा. दोन्ही घरं हेच करत आणि दोन्ही घरांना ते ठाऊक असे. एकमेकांवर असा पुरता संशय घ्यायचा आणि वर लग्नात हसत हसत एकमेकांना केक भरवायचा. मला या रीतीची लहानपणापासून चीड होती.

माझं लग्न ठरलं ते विरारकडच्या एका मुलाशी. वालीवच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. स्थळ नात्यातून आलं होतं, पण मला तो आवडला होता हे सरळ सांगते. शाळा सुटायच्या वेळी तो माणिकपूरला रिक्षा स्टँडपाशी उभा असायचा. हाताला मशीनच्या तेलाचा वास यायचा, म्हणून हात मागे धरायचा. एकदा म्हणाला, "अंगठी तुझ्या पसंतीची घेऊ. घरच्यांनी घडवून आणलेली नको." मला हे इतकं नवीन होतं की मी त्याला पुन्हा बोलायला लावलं.

मुंबईतल्या एका मोठ्या पेढीवर आम्ही गेलो. दुकानदाराने निळ्या मखमलीवर हिऱ्यांच्या अंगठ्या मांडल्या आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी आजवर सोनं तोळ्यांत ऐकलं होतं. हिऱ्यात काय बघायचं ते मला कुठे ठाऊक? हा मात्र उठला, अंगठ्या घेऊन मला दाराशी उजेडात घेऊन गेला आणि म्हणाला, "मोठा नको बघूस. आतून स्वच्छ कुठला दिसतो तो घे." मी बारीकसा एक निवडला. ती अंगठी बोटात घालून मी हात फिरवत राहिले. दुकानदाराने त्याच वेळी स्पष्ट सांगितलं, "ही अठरा कॅरेटमध्ये आहे. बावीसचं सोनं मऊ पडतं, त्यात हिरा टिकत नाही. घरी कोणी विचारलं तर सांगा." आम्ही दोघांनी ते ऐकलं. त्या दिवशी मी फार खूश होते.

घरी आल्यावर काकांनी हात पुढे केला. "आन इकडं."

मी दुकानदाराचं सगळं म्हणणं सांगितलं. अठरा का, बावीस का नाही, हिरा कसा निसटतो, सगळं. शाळेत शिकवते तसं नीट सांगितलं. काका हसले. "दुकानदार काय बोलनार? खोटं हाय म्हनून इकनार? तू लय शिकलीस, पन सोन्यातलं तुला काय कळतं?" आणि अंगठी घेऊन गेले. आई चुलीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

आमच्या सोनाराने अंगठी काळ्या दगडावर घासली, वर तेजाबाचा थेंब टाकला आणि रेघ फिकी पडली. अठराचीच होती, फिकी पडणारच. पण गावाला बावीसशिवाय दुसरं सोनं माहीतच नव्हतं. त्यामुळे बावीस नाही म्हणजे खोटं, एवढाच त्याचा अर्थ निघाला. खड्याबद्दल सोनार म्हणाला म्हणे, "हिरा का काच, द्येव जाने. मी खड्याचं सांगत नाय." हे एवढं वाक्य काकांना पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत 'पोराने काच दिली' हे गावभर झालं.

काका अंगठी रुमालात गुंडाळून थेट मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर रुमाल सोडला. त्या बाईंनी काय करावं? रडल्या नाहीत, खुलासा केला नाही. म्हणाल्या, "आमचं सोनं तपासलंत ना? मग तुमच्या मुलीच्या अंगावर जे घालणार आहात तेही आणा. विरारच्या बाजारात सोनार आहे, तो ना तुमचा ना आमचा." लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार घोषणा होतात; आमची पहिली होऊन गेली होती. पुढच्या रविवारच्या आत हे मिटलं नाही तर दुसरी होणार नाही, असंही त्यांनी सुनावलं. म्हणजे माझं लग्न आता विरारच्या त्या दुकानात ठरणार होतं.

माझ्या अंगावर घालायच्या होत्या त्या आईच्या पाटल्या. दोन. गावच्या सोनारानेच तिच्या लग्नात घडवलेल्या. वडिलांनी त्या हातात चढवल्यापासून तिने एकदाही काढल्या नव्हत्या. वाडीतलं खुरपणं, विहिरीचं पाणी, मासे साफ करणं, सगळं त्यांच्यासकट. त्या दिवशी साबण लावून ओढून काढाव्या लागल्या. खाली कातडी पांढरी पडली होती.

विरारला आम्ही तिघं गेलो, आई, काका आणि मी. पलीकडून तो एकटाच आला. असल्या माणसांचं तोंड बघायचं नाही म्हणून त्याची आई आलीच नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, निदान आम्ही दोघं तरी एका बाजूला आहोत. किती मूर्ख होते मी.

सोनाराने आधी अंगठी घासली. "अठरा. हिऱ्याची अंगठी अशीच असते. खडाही खरा आहे." एवढं म्हणून त्याने ती बाजूला ठेवली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग एक पाटली घासली. तेजाब पडल्यावर तिची रेघ अंगठीच्या रेघेपेक्षाही फिकी पडली. सोनाराने पाटली फिरवली, दुसऱ्या जागी घासली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सांधे जोडायला हलक्या धातूची झाळ फार वापरलीय. बावीस तर नाहीच."

माझा होणारा नवरा खुर्चीवरून पुढे वाकला. "काय काका? आता खोटं कोण?"

काका लाल झाले. "वरवर घासून काय कळतं? आमचा सोनार तीन पिढ्यांचा हाय."

"मग वितळवून बघू," तो म्हणाला. "गोळी झाली की लपायला जागाच नाही."

"वितळव!" काका सोनाराला म्हणाले. "होऊनच जाऊ दे."

त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्या आईच्या पाटलीवर. आईला कोणी विचारलं नाही. ती समोर बसली होती, रिकामे हात मांडीवर ठेवून. ती एवढंच म्हणाली, "लग्नातली हाय ती." ते ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. मी उठले. म्हणाले, "नको. वितळवायचं नाही. वाटेल त्या कॅरेटची धरा, हलकी म्हणा, काहीही म्हणा, पण पाटली परत द्या."

तो माझ्याकडे वळला. चिडून नव्हे, अगदी समजुतीने बोलला, आणि तेच मला आजही सहन होत नाही. "तू बस गं. यात तुझं काय आहे? हे आमच्या इज्जतीचं आहे."

सोनाराने पाटलीचे तुकडे केले, मुशीत टाकले, फुंकणी फुंकली. पाटली आधी वाकडी झाली, मग बसली, मग नाहीशी झाली. शेवटी वाटाण्याएवढी मळकट गोळी निघाली. तीही त्याने घासली आणि मान हलवली. अंगठीपेक्षा हलकी.

त्यानंतर जे झालं ते तर आणखी किळसवाणं होतं. काका एकदम मऊ पडले. हात जोडून म्हणाले, "जावई, चुकलं आमचं. सोनारानं आमाला फसवलं." त्यानेही मोठेपणा दाखवला. "जाऊ द्या काका, तुमचा तरी काय दोष." सोनाराने चहा मागवला. पुढच्या रविवारी दुसरी घोषणा, मग तिसरी, मग तारीख, सगळं कपबशीवर ठरू लागलं. दोघं हसत होते. आई उरलेली पाटली हातात चढवायचा प्रयत्न करत होती आणि ती चढत नव्हती. तिला हात द्यावा असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

त्याने अंगठी उचलली, शर्टाला पुसली आणि माझा हात मागितला. मी मूठ आवळली.

"अगं, आता कशाला? आता तर मिटलं सगळं!"

"तुमचं मिटलं," मी म्हणाले. "माझं लग्न होणार नाही."

काका ओरडले, तो हसला, मग त्याला कळलं की मी गंमत करत नाही. तो म्हणाला, "एका पाटलीसाठी? तशा चार करून देतो." त्याला खरोखरच वाटत होतं की मी सोन्याबद्दल बोलतेय. उजेडात नेऊन हिरा दाखवणारा हाच माणूस, आणि त्याला समोर बसलेली बाई दिसली नव्हती. मी आईचा दंड धरून तिला उठवलं आणि बाहेर आले.

मला वाटलं होतं, आई निदान माझा हात दाबेल. बसस्टॉपवर तिने दंड सोडवून घेतला. मग फणकारली, "कोनी सांगितलं होतं तुला मधी बोलायला? पाटली माजी होती. मी दिली असती. पोरीचं लगीन झालं असतं." मला तिचा जेवढा राग आला तेवढा त्या दोघांचाही आला नव्हता. जिच्यासाठी मी सगळं लाथाडलं तीच मला बोल लावत होती. मीही तोंडात येईल ते बोलले. बस आली तेव्हा आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

गावात काकांनी सांगून टाकलं की अंगठी खोटी निघाली म्हणून आपण लग्न मोडलं. त्यांच्या त्या सोनाराकडे मात्र गाव पूर्वीसारखंच जात राहिलं, कारण काकांनी त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर विरारला काय झालं तेही सांगावं लागलं असतं. आई चर्चला एकच पाटली घालून जाऊ लागली. बायका विचारत, दुसरी कुठे गेली? ती म्हणायची, "पानी काढताना विहिरीत पडली." मी शेजारी उभी असायचे आणि मला मान डोलवावी लागायची.

एका रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर पुन्हा तेच झालं. चर्चच्या पायऱ्यांवर पाच-सहा बायका हळहळत होत्या, गळ टाकून बघा, विहीर उपसा, म्हणून सांगत होत्या. काका जवळच उभे राहून ऐकत होते आणि खुशाल मान हलवत होते. माझ्याच्याने राहवलं नाही. "विहिरीत नाही पडली," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्यांनी आणि त्या मुलाने मिळून वितळवली. आईला न विचारता."

काकांनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघतच होते, तेवढ्यात आईने माझ्या दंडाला कचकचून चिमटा काढला. "खोटं बोलते ती," आई बायकांना म्हणाली. "लगीन मोडल्यापासनं डोकं फिरलंय तिचं." आणि काकांच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेली.