टेंभुर्णीला शेंदूर

बल्लारपूरला घर बांधलं तेव्हा प्लॉटवरची सगळी झुडपं काढली, पण मागच्या कोपऱ्यातली टेंभुर्णी दर पावसाळ्यात मुळांतून फुटायचीच. शेवटी मीच म्हटलं, राहा बाई. बिडीच्या पानामुळे जग तिला तेंदू म्हणून ओळखतं, तिच्या फळाला कुणी विचारत नाही. लहानपणी आम्ही मात्र त्या पिवळ्या, गोड-तुरट टेंभरांवर तुटून पडायचो.

मला ते झाड हवं होतं ते मायसाठी. वडील गेल्यावर मी तिला मुलचेऱ्याकडच्या गावाहून इथे आणलं. एरवी ती मजेत असायची, पण ऊन तापलं की गाठोडं बांधून ओट्यावर बसायची. "मले गावाले नेऊन दे. टेंभरं पिकले असन." गावातलं घर पडायला आलेलं, तिचे गुडघे कामातून गेलेले. ती तिथे एकटी राहिली आणि पडली-झडली तर, या विचारानेच माझा जीव खालीवर व्हायचा. म्हणून ठरवलं, टेंभरंच इथे पिकवायची.

पण इथे कुंपणच शेत खायला उठलं. झाड कमरेएवढं झालं आणि मार्चमध्ये ड्युटीवरून येऊन बघतो तर बुडापासून साफ! माय विळा पुसत होती.

"माय, काऊन छाटलं?"

"छाटल्याबिगर चांगला पत्ता येते का, बाप्पा?"

"मले पत्ता नाई, फळ पाहिजे!"

"फळाचं झाड जंगलात राह्यते. हे त पत्त्याचं होय."

जन्मभर तेंदूपत्ता तोडून तिने आमची पोटं भरली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर टेंभुर्णीचं झुडूप दिसलं की तिचा हात आपोआप विळ्याकडे जायचा. मी समजावलं, चिडलो, विळा लपवला. पुढच्या मार्चमध्ये तिने कोयता वापरला. मी रागाने जेवलो नाही, तर तिने भजी तळून पुढ्यात ठेवली, पण चूक काही कबूल केली नाही.

शेवटी बायकोने डोकं चालवलं. नवे फुटवे आल्यावर बुडाशी एक दगड मांडला, त्याला शेंदूर फासला, उदबत्ती लावली. पुजलेल्या झाडाला माय काही झालं तरी विळा लावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी माय आली आणि वाकून बघू लागली.

"हा त माहा टाचा घासाचा गोटा आहे!"

दोघी इतक्या हसल्या की शेजारीण कुंपणाशी आली. पण शेंदूर तो शेंदूर. मायने हात जोडले आणि टाचांसाठी दुसरा गोटा शोधला.

मग झाडाने अंग धरलं. तरी दर उन्हाळ्यात गाठोडं निघायचंच. मी रजा काढून तिला गावी न्यायचो आणि कसंबसं समजावून परत आणायचो. यंदा फांद्यांवर फळं दिसली. पहिलं पिकलेलं टेंभरू तिने देवापुढे ठेवलं, दुसरं खाल्लं, बिया हातावर काढल्या आणि म्हणाली, "थोडं तुरटच आहे." मग आणखी तीन खाल्ली. मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना, म्हणून मी उगाच बायकोवर ओरडलो.

दोन दिवसांनी गावाहून मावशीचा फोन आला, कधी येतेस म्हणून. मी दाराआड कान देऊन उभा होतो. या घराला माय आजवर 'तुमचं घर' म्हणत आली होती.

"यंदा मी नाई येत व," ती म्हणाली. "तूच ये. माह्या घरी लई टेंभरं लागले."