सौम्य शब्दांतली नोटीस

“जिन्यातला दिवा तेवढा बदलून घ्या. ती समोर आली तरी दिसत नाही हो.”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चेअरमन काकांना सांगत होत्या. सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून व्हायची, आणि ती अजून सुरू व्हायची होती. मी ऑफिसच्या बसमधून उतरून लिफ्टपाशी थांबले होते. चार-पाच जण हसले. पुण्यात असं बोलता येणं ही हुशारी समजतात. माझे बाबाही हसले. ते सेक्रेटरी होते, इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन बसले होते. लिफ्ट आली आणि मी आत गेले.

‘ती’ म्हणजे दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तीन मुलींपैकी एक. तिघी आफ्रिकेतून शिकायला आल्या होत्या. हडपसरहून रोज सकाळी बसने लोणी काळभोरच्या कॉलेजला जायच्या. ती त्यांच्यातली उंच आणि शांत. लिफ्टमध्ये भेटली की हॅलो म्हणायची, आणि मी मोबाइलमध्ये बघायचे. मी सगळ्यांशीच अशी वागते, असं स्वतःला सांगायचे. ते खरंही होतं.

मला समोरासमोर बोलता येत नाही. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी वही उघडून बसायचे. नोकरीही तशीच मिळाली. एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं, दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि कोणाचं मन दुखणार नाही अशा इंग्रजीत कळवायच्या. त्यात मी चांगली होते.

ब्लॉग तेव्हा नवे होते. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात मी ते वाचायचे. इंग्रजी, मराठी, मिळेल ते. माझा एक नियम होता. पोस्टच्या खाली ‘शून्य कमेंट्स’ दिसलं की तसंच पुढे जायचं नाही. काहीतरी लिहायचं, आणि नुसतं ‘छान’ नाही, तर कुठल्या वाक्यापाशी आपण थांबलो ते सांगायचं. नाशिकची एक बाई सासूच्या आजारपणाबद्दल लिहायची. तिने एकदा लिहिलं की आता बंद करते, कोण वाचतंय? मी तिला तिच्याच जुन्या चार पोस्टमधली वाक्यं काढून पाठवली. ती पुन्हा लिहायला लागली. त्या दिवशी मी ऑफिसात कोणाला तरी आपणहून ‘जेवलीस का’ असं विचारलं होतं, इतका मला आनंद झाला होता.

त्या मीटिंगच्या दोनेक महिने आधी असंच एकदा मला एका परदेशी मुलीचं लिखाण सापडलं. पुण्यात शिकते एवढंच तिने सांगितलं होतं, नाव नव्हतं. पोस्ट तीन, कमेंट्स शून्य. तिने बसबद्दल लिहिलं होतं. “बस गच्च भरलेली असते, लोक दांड्याला लटकतात, पण माझ्या शेजारची सीट रिकामी राहते. मी तिच्यावर माझी सॅक ठेवते, म्हणजे ती माझ्यामुळे रिकामी आहे असं दिसत नाही.” मी डबा बाजूला ठेवला. खाली लिहिलं, “सॅकच्या वाक्यापाशी मी जेवायची थांबले. कृपया लिहीत राहा.” सही म्हणून एकच अक्षर, पुढे ‘पुण्याचीच’.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर होतं. “या शहरातली तू माझी पहिली वाचक. खरं सांगू, मी आज बंद करणार होते.”

त्यानंतर ती दर आठवड्याला लिहायची आणि मी पहिल्या तासात उत्तर द्यायचे. जास्त स्पष्ट लिही, राग लपवू नकोस, असं मीच तिला सांगायचे. मी. पाचव्या-सहाव्या पोस्टमध्ये तिने बिल्डिंगच्या जिन्याबद्दल लिहिलं. “जिना अंधारा आहे, कोणी वर येताना दिसलं की मी आधीच गुणगुणायला लागते, म्हणजे माणसं दचकत नाहीत.” पुढे लिफ्टजवळच्या पाटीचं तिने इंग्रजीत भाषांतर करून घेतलं होतं: “लिफ्ट माणसांसाठी आहे. लहान मुलांना खेळण्यासाठी आपण स्वतंत्र खेळणी घ्यावीत.” ती पाटी चेअरमन काकांच्या अक्षरात आमच्याच लिफ्टजवळ होती, आणि जिन्यात गुणगुणायची ती उंच मुलगी.

मी स्क्रीनपासून मागे सरकले. मग कमेंट लिहिली, नेहमीसारखी. गुणगुणण्याचं वाक्य विसरता येणार नाही, असं. ते खरंच विसरता आलेलं नाही. तिने विचारलं, “तूही पुण्यातच आहेस, तर चहाला ये ना.” मी त्यावर काहीच लिहिलं नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून फक्त एक मजला उतरायचा होता.

इथे माझ्या घराबद्दल सांगायला हवं, ते मी सहसा कोणाला सांगत नाही.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, बाबांनी सरकारी नोकरी केली, आणि मला इंग्रजी शाळेत घातलं ते माझ्या बोलण्यावरून कोणाला काही ओळखता येऊ नये म्हणून. मी लहान असताना आम्ही पेठेत भाड्याने राहायचो. त्याआधी सात-आठ घरं हातची गेली होती. सगळं ठरायचं आणि मग घरमालक आडनाव विचारायचे. “अहो, भाच्याला द्यायचं ठरलंय.” पुण्यात किती भाचे आहेत, असं बाबा नंतर हसत म्हणायचे. दिवाळीत आई शेजारी फराळाचं ताट पाठवायची. एका वर्षी मी खाली खेळत होते आणि शेजारच्यांची कामवाली आमच्या करंज्या पिशवीत घेऊन चालली होती. मला बघून म्हणाली, “तुमच्या आईच्या हाताला चव हाय.” मी घरी सांगितलं नाही. पण आईला कळलं असावं, कारण पुढच्या वर्षी ताट गेलं नाही.

हडपसरच्या नव्या बिल्डिंगमध्ये बिल्डरने फक्त कर्जाची कागदपत्रं पाहिली. आडनाव दाराच्या पाटीवर आहे, सगळे वाचतात, कोणी काही बोलत नाही. बुद्धांचा फोटो मात्र आम्ही हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत लावला. पहिल्या दिवाळीला आईने भीत भीत तीन ताटं पाठवली. तिन्ही भरून परत आली. एकात चिरोटे होते. आई ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी होती. आणि दोन वर्षांनी बाबा सेक्रेटरी झाले, बिनविरोध.

त्या मीटिंगनंतर बाबा वर आले ते खुशीत. चहा मागितला आणि म्हणाले, “चेअरमन म्हणाले, तुमच्या मुलीचं इंग्लिश फर्स्ट क्लास, तिलाच लिहू दे. आपल्या सोसायटीला शोभेल असं.”

“काय लिहायचं?”

“नोटीस. परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट द्यायचे नाहीत असा ठराव झाला. त्या मुलींना महिनाभराची मुदत. मालकांना मेल गेलीये, त्यांची हरकत नाही.”

“कारण?”

“वास येतो जिन्यात, गाणी लावतात, कोण कोण येतं.” बाबांनी बशीत चहा ओतला. “लोकांचं म्हणणं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी इतिवृत्त लिहीत होतो.”

आई आतून बाहेर आली आणि परत गेली. मी म्हणाले, मला वेळ नाही, ऑफिसचं काम आहे. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “इथे आपलं ताट भरून परत येतं. एवढं लक्षात ठेव.”

मी नोटीस लिहिली. बाबांनी काढलेला मसुदा समोर होता. त्यातला ‘वास’ मी काढला आणि ‘जीवनशैलीतील फरक’ घातलं. ‘खाली करावे’ काढलं आणि ‘अन्यत्र सोय करण्याची विनंती’ केली. सर्व रहिवाशांच्या सुखसोयीचा विचार करून, अत्यंत खेदाने, आपल्या पुढील शिक्षणास शुभेच्छा. मला वाटत होतं मी तिच्यावर दया करतेय. काटे काढून तिच्या हातात देतेय. चेअरमन काकांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “याला म्हणतात शिक्षण. वाचणाऱ्याला वाटेल सत्कारच केलाय.”

दोन दिवसांनी दुपारी तिच्या ब्लॉगवर नवी पोस्ट दिसली. तिने नोटीस जशीच्या तशी उतरवली होती, माझा प्रत्येक शब्द. खाली तिचं लिखाण लहानसं होतं.

“वॉचमन माझ्यावर ओरडतो ते मी समजू शकते, त्याच्यावरही कोणी ओरडत असतं. पण हे ज्याने लिहिलं तो शिकलेला माणूस आहे. तो शांत खोलीत बसला असेल आणि मला घालवण्यासाठी मऊ शब्द शोधत असेल. एक खोडून दुसरा. मला त्या शोधण्याचं वाईट वाटलं. आणि माझ्या या शहरातल्या वाचकाला विचारायचंय, तू तर इथली आहेस. अशी माणसं तुझ्या ओळखीत आहेत का?”

शून्य कमेंट्स.

मी कमेंटची चौकट उघडली. “कृपया लिहीत राहा” असं टाइप केलं आणि पुसलं. “मला फार वाईट वाटलं” हेही पुसलं. सुट्टी संपली, लोक जागेवर परतले, माझा डबा उघडाच होता. दुसऱ्या दिवशीही शून्य होतं. तिसऱ्या दिवशी एक कमेंट आली. कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलं होतं, इतका त्रास होतो तर आपल्या देशात परत का जात नाहीस. त्या पोस्टखाली तेच एक राहिलं. नियम माझा होता, आणि मी जागा रिकामी ठेवली म्हणून तो तिथे येऊन बसला.

त्यानंतर तिने लिहिलं नाही. मी रोज बघायचे. महिनाभर तोच मजकूर वर असायचा, माझं इंग्रजी, तिच्या पानावर.

बिल्डिंगमध्ये ती दिसायची. जिन्यात मोठा दिवा लागला होता, आता सगळं लख्ख दिसायचं, पण तरीही ती उतरताना गुणगुणायची. एकदा मी आमच्या दारामागे उभी राहून तो आवाज खाली जाईपर्यंत ऐकला. दार उघडलं नाही.

मुदत संपत आली तेव्हा एका रविवारी सकाळी गेटवर टेम्पो आला. बाबा खाली उभे होते, वहीत टेम्पोचा नंबर लिहून घ्यायला. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. आईने मला भाजी आणायला पिशवी दिली, आणि मी लिफ्ट सोडून जिन्याने निघाले. मी दोन वाक्यं तयार केली होती. एक, मी तुझी वाचक आहे. दुसरं मला म्हणायचं नव्हतं.

ती दुसऱ्या मजल्यावर दारात होती, कुकर आणि दोन पातेली एका चादरीत बांधत होती. मला बघून तिने सवयीने हॅलो म्हटलं. मी उत्तर दिलं. माझा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण तिने मान वर करून पाहिलं. चादरीची गाठ बसत नव्हती म्हणून मी एक टोक धरलं. आम्ही दोघींनी ती गाठ मारली. तिने विचारलं, “तू वर राहतेस ना? सेक्रेटरींची मुलगी?” मी हो म्हणाले. ती म्हणाली, “तुझे बाबा चांगले आहेत. मुदत आणखी आठवडाभर वाढवून मिळाली, ती त्यांनीच मागितली होती म्हणे.”

हे मला माहीत नव्हतं. मी बाबांना आजवर विचारलेलं नाही.

आम्ही गाठोडं दोन्हीकडून धरून खाली उतरलो. ती गुणगुणत नव्हती, कारण मी बरोबर होते. हे मला शेवटच्या पायरीला लक्षात आलं. पहिलं वाक्य तोंडात होतं. ते म्हटलं असतं तर ती हसली असती, कदाचित मला मिठीही मारली असती, आणि मी रिकाम्या पिशवीनिशी भाजीला गेले असते, बरी होऊन. तिची पहिली वाचक कोण होती ते तिच्याजवळ तसंच राहू द्यावं, असं वाटलं. ते मी तिच्याकडून काढून घेऊ शकत नव्हते.

गाठोडं टेम्पोत ठेवलं. बाबा वहीवर पेन धरून आमच्याकडे बघत होते. मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, जणू शब्द तिथून आले होते. मग बाबांनी विचारलं, “काय गं, काय झालं?” वर काकूंचे हात दोरीवर थांबले होते. तेव्हा मी तेच मराठीत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो आवाज माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

“ती नोटीस मी लिहिली. मला कळत होतं, तरी लिहिली.”