बांबूपलीकडची घोडी

कुठे घोडा खिंकाळला की मला आजही कोरीटच्या मळ्यातली ती घोडी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे आता आठवतही नाहीत. पण ज्या प्रकरणात शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही, ते मात्र डोक्यातून जात नाही. नावे कुणाचीच लिहिणार नाही. माणसे हयात आहेत, आणि जनावरेही.

तेव्हा मी तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती समोर दिसू लागली होती. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत बसलो असताना वरिष्ठ कार्यालयातून चौकशीसाठी आलेला एक अर्ज हाती लागला. अर्जदार नवापूरकडचे. कोंबड्यांच्या शेडवर चांगला पैसा कमावलेले, घोड्यांचा शौक असलेले. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही तसेच म्हणतो. त्यांच्या मुलाला अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत उतरायचे होते. त्यासाठी त्यांनी कोरीटच्या एका शेतकऱ्याकडून, नंदुरबारच्या एका दलालामार्फत, जवान घोडा घेतला होता.

तक्रार अशी की, दोघांनी संगनमत करून 'तयार' म्हणून निकामी घोडा गळ्यात मारला. दाखवताना तो छातीएवढ्या बांबूवरून उडाला, आणि नवापूरला आल्यावर गुडघाभर काठीही ओलांडेना. किंमत तयार घोड्याची घेतली, सबब निम्मी रक्कम परत मिळावी आणि दोघांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल व्हावा.

अर्ज वकिलाने लिहिलेला होता. फार नीटनेटका अर्ज आला की मी सावध होतो. खरा फसलेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. पण केवळ संशयावर अर्ज निकाली काढता येत नाही. प्राथमिक चौकशी लावली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन कोरीटला निघालो.

तो शेतकरी साठीकडे झुकलेला, जमीनजुमला बरा असलेला, गावात आप्पा म्हणून मान असलेला माणूस. पोलिसांची गाडी मळ्यात शिरताना बांधावरच्या लोकांनी कामे थांबवली. आप्पांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा शरमच जास्त होती. गुन्हा दाखल झाला असता तर अटकेची टांगती तलवार होतीच. पण त्यांना खरी चिंता दुसरीच होती. ज्या गावात आयुष्य काढले, तिथे लबाड म्हणून म्हातारे व्हायचे.

"साहेब, मी चोर नही शे," ते म्हणाले. "पारवा मन्हा घरना वछेरा शे. मन्ही आंडेरनी शिकाडेल शे."

पारवा हे त्या विकलेल्या घोड्याचे नाव, आणि आंडेर म्हणजे मुलगी. ती बाजूलाच उभी होती. कॉलेजात असताना एनसीसीच्या घोडदळ पथकात घोड्यावर बसायला शिकलेली. नुकतीच नाशिकला नोकरीला लागली होती आणि हे कळल्यावर रजा काढून आली होती. पारव्याला विकायचे कारणही तिची नोकरीच. ती गेल्यावर त्याच्यावर बसणारे घरात कुणी उरले नव्हते, आणि नुसता उभा राहिलेला जवान घोडा बिघडतो.

"मी आप्पांना सांगितलं होतं, सर. अजून कच्चा आहे, यंदा विकू नका," ती म्हणाली. "पायांत उडी आहे त्याच्या. पण स्पर्धेचं मैदान पाहिलं नाही, गर्दी पाहिली नाही. अशा घोड्याचा भाव निम्म्याहून कमी असतो. आम्ही तेवढाच मागितला."

भाव किती ठरला, असे विचारले तर आप्पांनी दलालाचे नाव घेतले. सौदा ज्याच्या हातून झाला त्यानेच तो सांगायचा, अशी त्यांची रीत. मी म्हटले, घोडा कुठे उडवून दाखवला ती जागा दाखवा.

मळ्याच्या मागे दोन कडुनिंब होते. त्यांच्या बुंध्यांना आडवा बांबू बांधलेला होता. बांबूच्या पलीकडे खुंट्याला एक पांढरी घोडी बांधलेली. आम्हाला पाहून ती खिंकाळली आणि मान ताणून रस्त्याकडे पाहत राहिली. जनावराला कुणाची तरी वाट पाहायची सवय लागली की ते कळते.

"ही पारव्याची माय का?" मी विचारले.

"हो."

"दाखवताना कुठे होती?"

मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि तशीच थांबते, हे मी समोर पाहिले. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"इथेच, सर. आम्ही तिला नेहमी इथेच बांधतो."

मग सगळी हकिकत बाहेर आली. पारव्याचे दूध तोडले तेव्हा त्याला मायेपासून वेगळा बांधला होता. मधे काट्याचे कुंपण. त्याने दावे तोडले आणि कुंपणावरून उडी मारून मायेजवळ जाऊन उभा राहिला. पोरीला तेव्हाच त्याच्या पायांतली उडी दिसली. तिने कुंपण काढून बांबू लावला आणि थोडा थोडा वर चढवला. घोडी मात्र पलीकडेच राहिली, कारण पहिल्या दिवशी ती पलीकडे होती. तिला इकडे बांधून पाहावे, असे बापलेकींच्या कधी मनातच आले नाही.

"ही फसवणूक होते का, सर?" तिने विचारले.

आप्पा चिडले. "कशानी फसवणूक? काय दपाडेल व्हतं आपण? घोडी काय उंदीर शे का दपाडाले?"

मला हसू आले. लपवले काहीच नव्हते, हे खरे. आणि शेठने पाहिली ती उडी पारव्याची एकट्याची नव्हती, हेही खरे. कायद्याला हेतू लागतो. हेतू नसलेल्या चुकीचे काय करायचे, हे कलमात सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी दलालाला बोलावले. नंदुरबारच्या जुन्या मुसलमान कुटुंबातले, बाप-आजापासून घोड्यांचा धंदा. सगळा जिल्हा त्यांना चाचा म्हणतो. ते बाकावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"चाचा, सौदा कितीला झाला?"

"साहब, रुमाल के नीचे का दाम मुँह से नहीं निकलता. मेरे वालिद ने नहीं निकाला, मैं भी नहीं निकालूँगा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जनावराचा भाव चारचौघांत बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटे धरून आकडा सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. ज्याचे जनावर पडेल भावात गेले त्याची लाज झाकली जाते, आणि ज्याने चढ्या भावात घेतले त्याचीही.

"न बोललात तर अर्जातला आकडा धरावा लागेल. पैसे रोख दिलेले, कागद नाही. आत जावे लागेल तुम्हाला."

"जाऊँगा, साहब. बाहर रह के भी क्या करूँगा? ये बात फैल गई तो बाजार में मेरे रुमाल के नीचे हाथ कौन डालेगा?"

हवालदार खवळला. त्याला थांबवले. सरकारी खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतोच. तो मी काढला, हातावर टाकला आणि हात पुढे केला. चाचांनी माझ्याकडे पाहिले. मग पहिल्यांदाच बाकावर बसले आणि टॉवेलखाली माझी बोटे दाबली.

तो आकडा अर्जातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. अगदी कच्च्या घोड्याचा भाव. पुरावा म्हणून टॉवेलखालच्या बोटांना काडीची किंमत नाही, हे मला कळत होते. पण पन्नास जबाब घेऊन जे कळत नाही ते कधी कधी एका हातावरून कळते. आकडा मी आजही लिहीत नाही. तो टॉवेलखालीच राहू दे.

दोन-तीन दिवसांनी खांडबाऱ्याहून आमच्या एका माहितगाराचा फोन आला. स्टेशनवर रिक्षा चालवणारा माणूस. म्हणाला, शेठकडे सुरतेकडून एक पाहुणा रेल्वेने आला होता, मीच त्याला फार्महाऊसवर सोडला. परत येताना पाहुणा फोनवर कुणाला तरी सांगत होता, घोडा हिरा आहे, पण शेठ कुठल्याच भावात सोडायला तयार नाही. आमच्या अर्जात निकामी असलेला घोडा खांडबाऱ्याच्या रिक्षात हिरा झाला होता.

पंचनाम्यासाठी पंचांना घेऊन नवापूरला गेलो. आप्पा, त्यांची मुलगी आणि चाचा यांनाही बोलावले, आणि घोडीला पिकअपमधून आणायला सांगितले. फार्महाऊसच्या मैदानात रंगीत बांबू लावलेले होते. पारवा राखाडी रंगाचा, लांब पायांचा, चौथ्या वर्षातला. शेठने ठेवलेल्या शिकवणाऱ्याने त्याला गुडघाभर काठीवर आणले. तो अडून उभा राहिला. पुढच्या पायांवर छडीचे वळ होते. ते पाहून मुलीने बापाचा हात घट्ट धरला.

मी घोडीला मैदानापलीकडे बांधायला सांगितले. ती गाडीतून उतरताच खिंकाळली. पारव्याने कान टवकारले, शिकवणाऱ्याच्या हातातून लगाम ओढून घेतला आणि सगळ्यात उंच बांबूवरून, कुणीही पाठीवर नसताना, सरळ उडाला. पंचांपैकी एकाच्या तोंडून "अरे बापरे" निघाले. पारवा मायेच्या मानेवर मान टाकून उभा राहिला.

"बघा साहेब! हीच ती फसवणूक!" शेठ ओरडले.

मुलगी पुढे झाली. तिने घोडीला शेडच्या मागे नेऊन बांधायला लावले. काठी थेट जमिनीवर ठेवली आणि पारव्यावर बसून त्याला तिच्यावरून चालवत नेले. मग काठी वीतभर वर केली, मग आणखी थोडी. तो थांबे, मायेकडे मान वळवी, ती त्याच्याशी काहीतरी बोले. शेवटी गुडघाभर उंचीवरून तो एकटा गेला. त्याहून वर मात्र नाही.

ती उतरली. "आज त्याला एवढंच येतं, शेठ. बाकी आहे त्याच्यात, पण ते शिकवावं लागेल. मारून नाही येणार."

आप्पा शेठसमोर जाऊन उभे राहिले. "शेठ, मन्ही चूक व्हयनी असी तर व्हयनी. मी तुमना सगळा पैसा आनेल शे. पैसा ल्या, मन्हं घोडं माले परत द्या."

खरोखर त्यांच्या हातात पिशवी होती. मी शेठच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. फसलेला माणूस माल परत करायला सगळ्यात आधी धावतो, हा माझा नोकरीभरचा अनुभव. शेठ जागचे हलले नाहीत.

"घोडा मी देणार नाही," ते म्हणाले. "मला फक्त निम्मे पैसे हवेत."

"निकामी घोडा कशाला ठेवता?" मी विचारले. "आणि निकामीच असेल, तर सुरतेच्या पाहुण्याला का नाही देऊन टाकला?"

मी शेठना बाजूला नेले, टॉवेलखालचा आकडा कानात सांगितला आणि खोट्या माहितीवर अर्ज केल्यास काय होते तेही सांगितले. पोलीस ठाण्याला भाव पाडून घ्यायचे दुकान समजणारी माणसे मला मनापासून आवडत नाहीत, आणि ते माझ्या आवाजात आले असणार. त्यांनी तिथेच लिहून दिले की आपली काही तक्रार नाही. घोडा मात्र त्यांचाच राहिला. त्यांनी तो रीतसर विकत घेतला होता, तो परत द्यायला लावणे माझ्या हातात नव्हते.

इथे प्रकरण संपायला हवे होते. चाचांनी आकाशाकडे पाहून दोन्ही हात उचलले. मी पंचांच्या सह्या घेतल्या. आप्पा मात्र पिकअपकडे न जाता शेडमागे गेले, घोडीला सोडून घेऊन आले आणि पारव्याच्या खुंट्याशेजारी बांधू लागले.

"आप्पा, हाई काय करी ऱ्हायनात?" मुलगी ओरडली.

"तेले मार बसी ऱ्हायना, बेटा," ते म्हणाले. "एकटा उडाले शिकस तोवर माय ऱ्हाऊ दे तेनाजोडे."

त्यांचा आवाज भरून आला होता. शेठने खिशातला रुमाल काढला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. घोडीचा भाव करायला. आप्पांनी रुमालाखाली हात घातला. आत काय झाले ते मला दिसले नाही, शेठची मान खाली गेलेली तेवढी दिसली. पुढे ओळख वाढल्यावर शेठनेच मला सांगितले. आप्पांची मूठ बंद होती. त्यांनी एकही बोट उघडले नव्हते.

त्या दिवसानंतर पारव्यावर छडी उठली नाही, हेही मला त्यांच्याकडूनच कळले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते मी अनेकदा स्वतःला विचारतो. माणूस असो की घोडा, त्याला एकदा काही करताना पाहिले की आपण म्हणतो, याला येते. ते कुणाच्या ओढीने येत होते, पलीकडे कोण उभे होते, हे आपण पाहत नाही. नोकरीतले कितीतरी शूर शिपाई मी त्यांच्या जुन्या साहेबांची बदली झाल्यावर अडून उभे राहिलेले पाहिले, आणि त्यांना कामचुकार म्हणणारे अहवालही वाचले. कोरीटहून आल्यावर असा अहवाल समोर आला की सही करण्याआधी मी त्या माणसाला बोलावून घेत असे.

निवृत्तीनंतर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो होतो. एका बाजूला मैदानात अडथळे लावलेले, भोवती गर्दी. शेठचा मुलगा पारव्यावर बसून उतरला. पारवा एकामागून एक सगळे बांबू ओलांडत गेला. चाचा माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी मोबाइलवर ते सगळे टिपले आणि नाशिकला मुलीला पाठवले.

तिचे उत्तर लगेच आले. "चाचा, घोडी कुठे होती?"

चाचांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी घोडी शोधली. मैदानाकडे पाठ करून ती शेठच्या तंबूमागे कडबा खात होती, आणि एवढ्या टाळ्या वाजत असूनही तिने मान वर केली नव्हती. मी तिचा तसाच फोटो काढला आणि पाठवून दिला.