कोंबडा आरवल्यानंतर

वडिलांची नजर अधू झाल्यापासून संध्याकाळी पडवीत बसून मी त्यांना वाचून दाखवते. ते माजी सैनिक. त्यांना युद्धाच्याच कादंबऱ्या हव्यात, त्याही लेखकाच्या चुका काढायला. "ह्यानं बंदूक धरली तरी व्हती का कधी?" असं दर पानाला सुरू असतं.

एका कादंबरीत मात्र त्यांनी एकही चूक काढली नाही. जखमी मित्र पुढ्यात पडलेला, शत्रू तीनदा विचारतो, "याला ओळखतोस?" आणि जीव वाचवायला शिपाई तिन्ही वेळा नाही म्हणतो. तेवढ्यात कोंबडा आरवतो. उजाडलं असेल, असं समजून मी पुढे वाचत सुटले. वडील म्हणाले, "थांब बाय." त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कोर्लईच्या ख्रिस्ती मैत्रिणीला हे सांगितलं. ती हसली. "अगं, हा तर येशूचा कोळी शिष्य! येशूला पकडलं तेव्हा त्यानंही तीनदा ओळख नाकारली. कोंबडा आरवला आणि तो ढसाढसा रडला. पुढे मरणातून उठलेल्या येशूनं किनाऱ्यावर मासे भाजून त्यालाच जेवायला बोलावलं. तुझ्या पुस्तकातही शेवटी बघ, समुद्रकिनारी निखाऱ्यावर मासे भाजत कुणीतरी त्याची वाट बघत असेल." पुस्तक तिनं पाहिलंही नव्हतं.

घरी येऊन शेवटचं प्रकरण उघडलं. किनारा, निखारे, मासे. तोच जखमी मित्र, आता लंगडणारा, शिपायाला म्हणतो, "ये, खाऊन घे." इतकी जुनी गोष्ट या बंदुका-खंदकांच्या आत जिवंत बसली होती आणि मला पत्ताच नव्हता! भारावून जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "का सोडून गेलास, असं त्या लंगड्या दोस्तानं इचारलं न्हाय?"

"नाही."

मग ते बोलले. लढाईत त्यांनीही एका जखमी दोस्ताला मागे टाकून पळ काढला होता. दोस्त वाचला, पण पाय गेला. तो आगरदांड्याला राहतो, अजून बोलावणी पाठवतो. वडील तोंड दाखवायला कधी गेले नव्हते. "आता मला ने," म्हणाले.

आधी निरोप धाडून रविवारी दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला गेलो. वाटभर ते माफीचे शब्द पुटपुटत होते. पलीकडे धक्क्यावर कुबडी घेतलेले एक म्हातारे आमची वाट बघत उभे होते. वडील त्यांच्या पायाशी वाकू लागले, "मी तुला..."

त्यांनी वडिलांचा दंड धरून त्यांना उठवलं. "पायाचं दुखणं कवाच थांबलं रे. तू येत न्हायस, त्येच दुखत व्हतं."